प्राइमवरचं पुनरुज्जीवन: बाँड, स्टारगेट आणि एमजीएमचं न उघडलेलं कपाट

नभांगण

मंडळी, नोव्हेंबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने नव्या 'स्टारगेट' (गोल दारातून थेट दुसऱ्या ग्रहावर नेणारी विज्ञानकथा) मालिकेला हिरवा कंदील दाखवला. सूत्रं मार्टिन गेरोकडे, म्हणजे आधीच्या 'स्टारगेट अटलांटिस' मालिकेच्या लेखकांत घडलेल्या माणसाकडे. जुन्या मालिकांचे ब्रॅड राइट आणि जोसेफ मलोझी सल्लागार. १९९४ च्या मूळ चित्रपटाचे एमेरिक आणि डेव्हलिन यांचीही नावं निर्मात्यांत आहेत. २०११ ला 'स्टारगेट युनिव्हर्स' ही तिसरी मालिका अर्ध्यावर सोडून दिली तेव्हापासून आम्ही डोळे लावून बसलोय, त्यामुळे खरं तर पेढे वाटायला हवेत.

पण एक गोष्ट खुपतेय. मार्च २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने एमजीएम ही जुनी हॉलीवूड कंपनी ८.४५ अब्ज डॉलरला घेतली. तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं की चार हजारांवर चित्रपट आणि टीव्हीचे सतरा हजार भाग त्यांच्या हाती आले. त्यानंतर बातम्या कशाच्या आल्या? बाँडचा ताबा घेतला. 'रोबोकॉप'वर मालिका करायचं चाललंय. 'लीगली ब्लॉन्ड'ची आधीची गोष्ट सांगणारी 'एल' येणार. 'स्पेसबॉल्स'चा दुसरा भाग येणार. 'थॉमस क्राउन अफेअर' पुन्हा होणार. 'रोड हाउस' तर करूनही झाला. सगळ्या बातम्या जुन्या नावांच्या नव्या मालाच्या. ते चार हजार चित्रपट मात्र कपाटात. कपाटाला कुलूप, आणि किल्ली कुठल्या देशात कोणाकडे आहे ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुनं धड दाखवायचं नाही आणि जुन्याच्या पुण्याईवर नवं विकायचं, असं चालणार नाही. आजच्या वीस वर्षांच्या पोराला एसजी-वन, म्हणजे पहिली स्टारगेट मालिका, बघायला मिळालंच नाही, तर नवीन स्टारगेट त्याच्यासाठी आणखी एक अंतराळातली मालिका. मग दोन सीझननंतर 'प्रेक्षक मिळाले नाहीत' म्हणून बंद करायला मोकळे.

तुम्हाला काय वाटतं?

टवाळ_तात्या

जागा धरून ठेवतो. चहा टाकलाय.

शून्य_शून्य_सात

स्टारगेटमधलं मला फार कळत नाही, मी बाँडवर बोलतो.

२० फेब्रुवारी २०२५ ला बाँडपटांचे निर्माते बार्बरा ब्रॉकली आणि मायकल विल्सन यांनी बाँडची सर्जनशील सूत्रं अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे दिली. संयुक्त कंपनी काढली, मालकीत ते आहेत, पण पुढचा चित्रपट कसा, कधी, कोणाला घेऊन, हे आता ते ठरवणार नाहीत. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत पंचवीस चित्रपट, सगळे त्या एका ब्रॉकली घराण्याने काढले. या घराण्याची खरी ताकद कशात होती? नाही म्हणण्यात. मनीपेनीची वेगळी मालिका नाही, तरुणपणीच्या क्यूची मालिका नाही. दोन बाँडपटांच्या मध्ये चार-सहा वर्षं गेली तरी चालतील, पण बाँड मोठ्या पडद्यावरच.

आता तो नाही म्हणणारा माणूसच उठून गेलाय. ताबा घ्यायच्या आधीच, २०२३ मध्ये, '००७: रोड टू अ मिलियन' नावाचा रिअ‍ॅलिटी शो प्राइमवर आला होता. पुढे काय वाढून ठेवलंय त्याची ती चुणूक.

अर्थात दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलन्यूव्ह, लेखक स्टीव्हन नाइट, निर्माते एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन ही नावं वाचून जीव थोडा भांड्यात पडला. एक चित्रपट चांगलाच होईल. त्याच्या आजूबाजूला काय काय उगवेल याची भीती आहे.

टवाळ_तात्या

ताबा मिळाल्या दिवशी बेझोससाहेबांनी एक्सवर विचारलं होतं, पुढचा बाँड कोण हवा म्हणून. जग हेन्री कॅव्हिल हेन्री कॅव्हिल ओरडत होतं. मी 'अशोक सराफ' लिहून आलो. अजून उत्तर नाही. कृपया हलके घ्या.

सदाशिवपेठी

शून्यराव, घराण्याचं कौतुक पटलं, पण इतिहास अर्धाच सांगितलात.

बाँड कायम एमजीएमच्या फाटक्या खिशाचा कैदी होता. १९८९ ला 'लायसन्स टू किल' आला आणि त्यानंतर थेट १९९५ ला 'गोल्डनआय'. मधली सहा वर्षं काय झालं? जियानकार्लो पारेट्टी नावाच्या गृहस्थाने एमजीएम विकत घ्यायचा घाट घातला आणि पैसे उभे करायला बाँडपटांचे टीव्हीचे हक्क स्वस्तात फुंकायला काढले. ब्रॉकली मंडळी कोर्टात गेली. टिमथी डाल्टनचा तिसरा बाँड त्यात वाहून गेला. पुढे २०१० मध्ये एमजीएमने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हाही पुढच्या बाँडचं काम थांबलं होतं. तोच नंतर 'स्कायफॉल' म्हणून २०१२ ला आला आणि अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

कर्क कर्कोरियन या एकाच माणसाने ही कंपनी आयुष्यात वेगवेगळ्या वेळी घेतली, विकली, पुन्हा घेतली, पुन्हा विकली. अशा कंपनीला पहिल्यांदाच असा मालक मिळालाय ज्याचा चेक वटतो. त्याने पैसे मोजलेत ते वसूल करणारच. चित्रपट संग्रहालय चालवायला कोणी साडेआठ अब्ज देत नाही.

किरकिरा

वसूल करा की. आमच्याकडूनच करा. आत्ताचा हिशोब बघा: प्राइमची वर्षाची वर्गणी १४९९. जून २०२५ पासून भारतात मध्ये जाहिराती. त्या नको असतील तर वर १२९ महिन्याला किंवा ६९९ वर्षाला. एमजीएमचं वेगळं दालन हवं तर एमजीएम+ नावाचं चॅनेल, त्याची वर्गणी आणखी वेगळी. त्यातही नसेल तर भाड्याने घ्या. म्हणजे कंपनी त्यांची, चित्रपट त्यांचा, अ‍ॅप त्यांचं, वर्गणीदार आपण, तरी दर खोलीला वेगळं तिकीट.

आणि हे फक्त यांचंच नाही. कुठलीही सेवा घ्या. आज जो चित्रपट 'नंतर बघू' म्हणून यादीत टाकला तो नंतर त्या यादीत असेलच याची खात्री कोणी देत नाही.

चकली

दर खोलीला वेगळं तिकीट +१

मंदाकिनी_एनजे

इथे सगळे एमजीएमचा संग्रह म्हणताय, पण डोळ्यापुढे जे येतंय ते त्यात नाहीच. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते.

एमजीएम म्हटलं की सिंह, 'गॉन विथ द विंड', 'विझर्ड ऑफ ऑझ', 'सिंगिंग इन द रेन', 'बेन हर'. यातलं एकही अ‍ॅमेझॉनकडे नाही. १९८६ मध्ये टीव्ही चॅनेलवाल्या टेड टर्नरने एमजीएम विकत घेतली, कर्ज झेपेना म्हणून काही महिन्यांतच बरीचशी परत विकली, पण जुने चित्रपट स्वतःकडे ठेवले. तो हुशार माणूस, त्याला कळलं होतं की स्टुडिओच्या इमारतीपेक्षा चित्रपटांचे डबे महत्त्वाचे. पुढे टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये गेली आणि ते सगळे डबे वॉर्नर ब्रदर्सचे झाले. 'टॉम अँड जेरी'सुद्धा मूळ एमजीएमचं, १९४० चं. तेही वॉर्नरकडे.

मग अ‍ॅमेझॉनला काय मिळालं? १९८६ नंतरचं एमजीएम आणि मुख्य म्हणजे इतर कंपन्यांचा गिळलेला माल. युनायटेड आर्टिस्ट्स, ओरायन, कॅनन वगैरे. बाँड, रॉकी, पिंक पँथर हे युनायटेड आर्टिस्ट्सकडून. 'रोबोकॉप' आणि 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' ओरायनचे. सिंह तोच डरकाळी फोडतो, पण कपाट बदललेलं आहे.

आणि तरीही ते कपाट काही लहान नाही हं. '१२ अँग्री मेन' त्यात आहे. आपल्याकडे त्याचाच 'एक रुका हुआ फैसला' झाला. 'सम लाइक इट हॉट' आहे, ज्यावरून 'रफू चक्कर' आला. 'मॅग्निफिसंट सेव्हन' आहे. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' आहे. आपल्या हिंदी सिनेमाने जिथून मनसोक्त उचलेगिरी केली ते निम्मं दुकान हेच.

चकली

मंदाताई, आत्ता डोक्यात प्रकाश पडला! नव्वदच्या दशकात केबलवर दिवसा कार्टून नेटवर्क असायचं आणि संध्याकाळनंतर त्याच चॅनेलवर टीएनटी, तेही टर्नरचंच. टॉम अँड जेरीची वाट बघत बसलेलो असायचो आणि एकदम कृष्णधवल चित्रपट सुरू, टोप्या घातलेली माणसं भराभर इंग्रजी बोलतायत. आम्ही भावंडं टीव्हीला शिव्या द्यायचो आणि आजोबा येऊन खुर्ची ओढून बसायचे. म्हणजे टॉम-जेरी आणि आजोबांचे ते पिक्चर, दोन्ही एकाच माणसाने एकाच खरेदीत उचललेले!

मंदाकिनी_एनजे

अगदी तेच. १९९५ ला ते चॅनेल भारतात आलं ते तसंच, अर्धा दिवस कार्टून, अर्धा दिवस टर्नरचे जुने चित्रपट. त्या वेळी कोणी 'लायब्ररी' वगैरे म्हणत नव्हतं, पण केबलवाल्याला महिन्याचे शे-दीडशे देऊन निम्म्या हॉलीवूडचा इतिहास घरात येत होता. निवड आपल्या हातात नव्हती म्हणूनच समोर येईल ते पाहिलं जायचं.

बे_एरियातला_बाळ्या

किरकिरा, तुझा राग कळतो, पण 'त्यांचाच चित्रपट मग दाखवत का नाहीत' हे वाटतं तितकं सरळ नाही. मी या धंद्याच्या तांत्रिक बाजूला काही काळ होतो म्हणून थोडं.

पहिली गोष्ट, जुने करार. एमजीएमसारखी कंपनी कायम पैशाच्या तंगीत, त्यामुळे ती हक्क देशादेशांत, वर्षांच्या हप्त्यांनी, आधीच विकून बसलेली असते. मालक बदलला तरी करार संपेपर्यंत थांबावंच लागतं. 'वेन्सडे' बघ. निर्मिती एमजीएम टेलिव्हिजनची, दिसते नेटफ्लिक्सवर. 'हँडमेड्स टेल' एमजीएमची, अमेरिकेत हुलूवर. दुसऱ्याच्या दुकानात आपला माल खपत असेल तर तो परत आणण्यात नेहमीच फायदा असतो असं नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक चित्रपट दाखवायला पैसे पडतात. कलाकार-लेखकांच्या संघटनांशी झालेल्या करारानुसार त्यांना हिस्सा जातो. सत्तरच्या दशकातल्या चित्रपटात एखादं गाणं वाजत असेल तर त्याचे हक्क त्या वेळी फक्त थिएटरपुरते घेतलेले असू शकतात. आता स्ट्रीमिंगसाठी नव्याने घ्या, नाहीतर गाणं बदला.

तिसरं, आणि यावर कोणी बोलत नाही, ते म्हणजे मूळ प्रत. ३५ मिमीची रीळ ठीक आहे का, स्कॅन कधीचा आहे, आवाजाचा ट्रॅक वेगळा आहे का. दहा-पंधरा वर्षांपूर्वी डीव्हीडीसाठी काढलेली प्रत आजच्या पंचावन्न इंची पडद्यावर लावली तर तूच इथे येऊन लिहिशील, 'काय धुरकट दाखवतायत'.

या तिन्हीचा खर्च एका बाजूला आणि तो चित्रपट बघणारे तू, मी आणि मंदाताई दुसऱ्या बाजूला.

किरकिरा

बाळ्या, माहिती उत्तम, पण तू त्यांची वकिली करतोयस. '१२ अँग्री मेन'मध्ये गाणं कुठलं वाजतं? एका खोलीत बारा माणसं भांडतात. एवढ्या जुन्या कराराची मुदत कधीच संपलेली असणार. मुद्दा खर्चाचा नाही, इच्छेचा आहे. ज्याच्यावरून नवीन काही काढता येणार नाही तो चित्रपट त्यांच्या लेखी मेलेला.

नभांगण

किरकिरांनी माझ्या मनातलं लिहिलं.

बे_एरियातला_बाळ्या

वकिली नाही रे. 'इच्छा' या गोष्टीची किंमत किती ते सांगतोय. असो.

वडगावकर

प्रतिसाद काढून टाकला आहे.

वडगावकर

(आधीचा प्रतिसाद दोनदा पडला होता.)

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या परिसरात, ज्यांचा वावर आहे त्यांना 'दाखवणं' आणि 'जपणं' यातला फरक वेगळा सांगायला नको. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली. मूकपटांच्या काळातला आणि प्रभातसारख्या कंपन्यांचा किती माल त्यात गेला ते आठवलं तरी पोटात खड्डा पडतो. नायट्रेट एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. एमजीएमचंही हेच झालंय. १९६५ मध्ये त्यांच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि मूकपट गेले. लॉन चॅनीच्या 'लंडन आफ्टर मिडनाइट'ची शेवटची ज्ञात प्रत त्यातच गेली असं मानतात. आज तो चित्रपट बघितलेला माणूस शोधून सापडणार नाही. फोटो आहेत, गोष्ट माहीत आहे, चित्रपट नाही.

आगीशिवायही चित्रपट मरतात. जॉन वेनचा १९६० चा 'द अ‍ॅलामो' आत्ताच्या या कपाटातला आहे. त्याच्या मूळ लांबीच्या ७० मिमी प्रतीचे रंग उडत चालले होते. रॉबर्ट हॅरिस या नावाजलेल्या तज्ज्ञाने २०१४ च्या सुमारास लोकवर्गणीतून दुरुस्ती करू म्हणून मोहीम चालवली, पण तेव्हाच्या एमजीएमने दाद दिली नाही. हे अ‍ॅमेझॉनच्या आधीचं, त्यामुळे ते पाप यांच्या माथी मारत नाही. पण ८.४५ अब्ज देणाऱ्याने त्यातलं चिमूटभर इथे टाकलं असतं तर मी त्यांचा प्रत्येक रीमेक निमूट पाहिला असता. अगदी 'रोड हाउस'सुद्धा.

सदाशिवपेठी

वडगावकर, हा मुद्दा मान्य. अ‍ॅपवर दिसत नाही म्हणून मी अश्रू ढाळणार नाही, पण डबा कुजत असेल तर तो गुन्हा आहे.

टवाळ_तात्या

सदाशिव पेठेत कोणीतरी काहीतरी मान्य केलं. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

रातराणी

स्टारगेटच्या धाग्यात स्टारगेट कुठंय??

मी एसजी-वनची दहा सीझनं, अटलांटिसची पाच आणि युनिव्हर्सची दोन, सगळी पाहिलेली आहे. पहिल्यांदा बघत होते तेव्हा कॉलेजात होते, आता मुलगी कॉलेजात जाईल. त्यामुळे मला बोलू द्या.

नवीन मालिकेत मला काय नको ते आधी. मला गडद नको. आजकाल पुनरुज्जीवन म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पाडायचे, दिवे मालवायचे आणि प्रत्येक नायकाला बालपणीचा एखादा आघात द्यायचा. एसजी-वन चालली ती जॅक ओ'नीलच्या खवचटपणावर. जग बुडायला आलेलं असताना हा माणूस जेलीबद्दल बोलणार. कुर्ट रसेलचा ओ'नील चित्रपटात होता तेव्हा नावात एक 'एल', तो गंभीर. मालिकेत रिचर्ड डीन अँडरसन आला, नावात दोन 'एल' आले आणि विनोदबुद्धी आली. मालिकेतच त्यावरून कोटी केलेली आहे.

दुसरं, ते गेट. ते गोल फिरायला हवं. सात चिन्हं, सहा तुम्हाला कुठे जायचंय त्यासाठी आणि सातवं तुम्ही कुठून निघालात त्यासाठी. एकेक चिन्ह पकडताना तो नारिंगी दिवा लागतो, वॉल्टर नावाचा तंत्रज्ञ माइकवर 'चेव्हरॉन वन एन्कोडेड' म्हणत जातो, सातव्याला 'लॉक्ड' म्हणतो, आणि मग ते पाणी बाहेर उसळतं. या एका मिनिटात मालिकेचं अर्धं सुख आहे. वेळ वाचवायला हे कापलं तर मी वर्गणी बंद करेन.

आणि तिसरं. एलाय. 'युनिव्हर्स'च्या शेवटच्या भागात सगळे झोपेच्या कुप्यांमध्ये गेले, एक कुपी बिघडलेली, आणि तो पोरगा एकटा जागा राहिला. काचेतून बाहेर बघत हसतो आणि संपलं. २०११ पासून तो तिथेच उभा आहे. नवीन मालिकेत एक वाक्य टाका त्याच्याबद्दल. एकच.

नभांगण

रातराणीताई, दंडवत. एलायबद्दल अगदी अगदी.

वडगावकर

व्हँकुवरची जंगलं विसरलात. विश्वातला प्रत्येक ग्रह हुबेहूब ब्रिटिश कोलंबियासारखा दिसतो.

रातराणी

वडगावकर, ती तर ओळख आहे मालिकेची. नवीनमध्ये तो मोठ्या गोल एलईडी पडद्यावरचा खोटा वाळवंट-सूर्यास्त दाखवला तर माझं काही खरं नाही. मला पाइनची झाडंच हवीत.

अर्धवट

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही, धागा वाचून बघावंसं वाटतंय. एसजी-वनचे २१४ भाग, अटलांटिसचे १००, युनिव्हर्सचे ४०, असं विकीवर दिसतंय. हे सगळं बघून मग नवीन बघायची का? कुठून सुरू करू?

रातराणी

आधी १९९४ चा चित्रपट. मग एसजी-वन सीझन एक. पहिला सीझन डुगडुगत चालतो, धीर धर. चौथ्यात वेळेच्या फेऱ्यात अडकायचा भाग येतो, तो बघून आवडला नाही तर खुशाल सोड. अटलांटिस एसजी-वनच्या आठव्या सीझनबरोबर सुरू होते.

एक महत्त्वाची सूचना: पहिला भाग घरच्यांसोबत लावू नकोस. ती मालिका शोटाइम या वर्गणीच्या चॅनेलवर सुरू झाली होती आणि तिथल्या हौसेखातर त्या भागात एक नग्न दृश्य घातलेलं आहे. पुढच्या कुठल्याच भागात तसं काही नाही. ब्रॅड राइटला स्वतःला ते इतकं खुपत होतं की २००९ मध्ये त्याने तो भाग पुन्हा संकलित करून ते काढून टाकलं. तुझ्या हाती कुठली आवृत्ती लागेल सांगता येत नाही.

टवाळ_तात्या

अर्धवटराव, आता तुम्ही पहिला भाग आजच बघणार आणि एकटेच बघणार, हे सगळ्या धाग्याला कळलंय.

कडू_कारलं

माझा प्रश्न वेगळाच आहे. पुनरुज्जीवन करतातच का? नवीन काही सुचत नाही का?

बे_एरियातला_बाळ्या

करून पाहिलं की. 'सिटाडेल' आठवते? शून्यातून जागतिक हेरमालिका उभी करायची, प्रत्येक देशात तिची एक शाखा. इटलीत 'डायना', भारतात राज-डीके या दिग्दर्शक जोडीची 'हनी बनी'. अफाट पैसा ओतला. २०२५ मध्ये दोन्ही शाखा बंद केल्याचं जाहीर झालं. म्हणजे हेरांचं विश्व ऑर्डर देऊन बनत नाही, हे त्यांना कळलं आणि त्याच वर्षी बनवलेलं तयार विश्व, बाँड, ताब्यात आलं. मला यात योगायोग वाटत नाही, पण हे माझं मत.

सदाशिवपेठी

उलट उदाहरणही द्या ना. 'द एक्सपान्स'. सायफाय चॅनेलने २०१८ मध्ये तीन सीझननंतर बंद केली, अ‍ॅमेझॉनने उचलली आणि आणखी तीन सीझन दिले. तेच लेखक, तेच कलाकार. याला म्हणतात पुनरुज्जीवन.

किरकिरा

आणि 'व्हील ऑफ टाइम' तिसरा सीझन सगळ्यांना आवडला तेव्हाच बंद केली. मे २०२५. एक्सपान्स दिली तसा तोच हात काढूनही घेतो.

नभांगण

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगातली त्यांची मालिका 'रिंग्ज ऑफ पॉवर' या बाबतीत गंमतशीर आहे. हक्कांसाठीच पंचवीस कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या, पण पीटर जॅक्सनचे चित्रपट वॉर्नरकडे आणि 'सिल्मरिलियन'चे हक्क कराराबाहेर. म्हणजे जुनी गोष्ट हातात नाही, मूळ कादंबरीच्या परिशिष्टांवरून नवी गोष्ट रचायची. तिथे जुनं दाखवा म्हणायची सोयच नाही. बाँड आणि स्टारगेटच्या बाबतीत मात्र दोन्ही हातात आहे. म्हणून यांच्याकडून अपेक्षा जास्त.

शून्य_शून्य_सात

जुनं कसं दाखवतात ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं की. ५ ऑक्टोबर हा बाँड दिन. त्या सुमाराला ब्रिटनमधल्या प्राइमवर सगळ्या बाँडपटांची नवी चित्रं लावली आणि लोकांच्या लक्षात आलं की पिस्तुलं गायब आहेत! काही ठिकाणी चित्र कापून पिस्तूल चौकटीबाहेर, काही ठिकाणी चक्क खोडलेलं. 'डॉ. नो'च्या चित्रात शॉन कॉनरी हाताची घडी घालून उभा, आणि त्या हातात जे असायला हवं तेच नाही. ज्याची ओळखच 'मारायचा परवाना' अशी, त्याच्या हातून वॉल्थर काढून घेतलं. बोंब झाल्यावर ती चित्रं हटवली.

मला राग पिस्तुलाचा नाही. जो कोणी बसून ते खोडत होता त्याला समोर काय आहे याची सुतराम कल्पना नव्हती. ब्रॉकलींच्या ऑफिसातल्या चहावाल्यालाही ती असती.

टवाळ_तात्या

आपण हसण्यात अर्थ नाही. २०१५ ला 'स्पेक्टर'मधली चुंबनं आपल्या सेन्सॉरने निम्मी केली होती. संस्कारी जेम्स बाँड म्हणून जगभर नाव झालं. तिकडे पिस्तूल काढलं, इकडे चुंबन. उरला काय, तर सूट.

संपादक मंडळ

सेन्सॉर बोर्डावरून राजकारणाकडे वळलेले काही प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

सदाशिवपेठी

विषयाला धरूनच, एक गंमत. इयान फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ मध्ये वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं प्रताधिकार असतो. म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून फ्लेमिंगच्या हयातीत छापलेल्या बाँड कादंबऱ्या आपल्याकडे मुक्त आहेत. ब्रिटनमध्ये सत्तर वर्षं, त्यामुळे तिकडे २०३५ उजाडावं लागेल. फक्त पुस्तकातला बाँड हं. चित्रपटातलं संगीत, ती बंदुकीच्या नळीतून दिसणारी सुरुवात, ट्रेडमार्क, हे सगळं ज्याचं त्याचं. पण 'कॅसिनो रॉयल' मराठीत आणायला आता भारतात कोणाच्या परवानगीची गरज नाही.

अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारीत ताबा घेतला आणि आपल्याला जानेवारीतच मिळाला होता. फुकट.

चकली

कैच्याकै भारी!! कोणी अनुवाद करतंय का?

कडू_कारलं

कशाला? आपल्याकडे अर्नाळकरांचा झुंजार आहे, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आहे. पुनरुज्जीवन करायचंच तर त्यांचं करा. लायब्ररीतून ती पुस्तकं आणायला रांग लागायची. आज एक धड प्रत मिळत नाही, आणि आपण इथे परदेशी कपाटांच्या किल्ल्या शोधतोय.

वडगावकर

कारलंबुवा, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. जाता जाता, झुंजारवर वेगळा धागा काढा, माझ्याकडे थोडी पुस्तकं आहेत. कव्हरं फाटलेली, पण आहेत.

मंदाकिनी_एनजे

नभांगण, तुमच्या मूळ मुद्द्यावर एक व्यवहारी उपाय. ज्या चित्रपटांवर जीव आहे ते डिस्कवर घेऊन ठेवा. इथे अमेरिकेत क्रायटेरियन कंपनीने '१२ अँग्री मेन' आणि 'सम लाइक इट हॉट' दोन्ही ब्लू-रेवर काढलेत, प्रती बघाल तर डोळे निवतात. ऑनलाइन 'विकत' घेतलेलं म्हणजे बघायचा परवाना असतो. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून दुकानदारांना तसं स्पष्ट सांगायची सक्ती केली आहे. माझी लेक हसते माझ्या डिस्कच्या फळीला, पण दर थँक्सगिव्हिंगला तिच्या मैत्रिणी तिथूनच काहीतरी उचलून लावतात.

किरकिरा

मंदाताई, भारतात ब्लू-रे प्लेअर शोधायला आता स्टारगेटमधूनच जावं लागेल.

नभांगण

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा रंगला. बाळ्याचा हिशोब आणि वडगावकरांची आग वाचूनही माझा हट्ट तोच आहे: नवीन स्टारगेट ज्या दिवशी येईल त्याच्या आधी जुन्या तिन्ही मालिका आणि चित्रपट, सगळ्या देशांत, मूळ वर्गणीतच, स्वच्छ प्रतीत लावा. करार आडवे येत असतील तर सोडवून घ्या. जाहिरातीवर जो पैसा उधळाल त्याहून हे स्वस्त पडेल.

सदाशिवपेठी

लावतीलही. जाहिरातींसकट.

अर्धवट

चित्रपट पाहिला, मालिकेचा पहिला भागही पाहिला (एकट्याने. तात्या, गप्प बसा). आवडतंय. एक शंका. चित्रपटात त्या डॅनियलला परग्रहावरच्या लोकांची भाषा शिकायला अर्धा पिक्चर लागला. मालिकेत पुढचे भाग थोडे चाळले, तर प्रत्येक ग्रहावर सगळे फाडफाड इंग्रजी बोलतायत. हे कसं काय?

रातराणी

त्या प्रश्नावर इथे एक जुना धागा आहे. भांडणं होऊन वाचनमात्र झालाय. तू पुढचा भाग लाव.